मुका झालेला ट्रक

मी शाळेत असताना बेळगावात इंग्रजी चित्रपट पाहायचा म्हणजे कॅम्पातल्या चित्रपटगृहातला रविवारचा मॉर्निंग शो, हे ठरलेले होते. घरात मराठी, बाजारात कन्नड आणि इंग्रजी केवळ क्रमिक पुस्तकापुरती अशी आमची स्थिती असल्यामुळे पडद्यावरचे संवाद बहुतेक डोक्यावरून जात. तरीही ‘रेडर्स ऑफ द लॉस्ट आर्क’ पाहून बाहेर पडताना कथेतले काही निसटले असे मला किंवा माझ्या चुलतभावाला, म्हणजे दादाला, वाटले नव्हते. निसटली होती ती मधली दोन-तीन मिनिटे, आणि आज इतक्या वर्षांनी लिहायचे आहे ते त्या मिनिटांविषयी आणि त्यांत गायब झालेल्या पार्श्वसंगीताविषयीच.

इंडियाना जोन्स धावत्या घोड्यावरून ट्रकवर उडी घेतो, त्यानंतर थोड्याच वेळात चित्रपटगृहातला आवाज एकाएकी गेला. चित्र मात्र चालूच राहिले. शिट्ट्या झाल्या, ‘आवाऽज’ अशा आरोळ्या उठल्या, मागच्या रांगेत कोणी लाकडी खुर्च्यांच्या फळ्या आपटल्या, आणि त्या गलक्यात समोर तोच नायक त्याच ट्रकला लोंबकळत होता. पण आता तो धूळ खाणारा एक दमलेला माणूस दिसत होता. ट्रक तितकासा वेगात नाही हे जाणवले, गुद्दे खोटे वाटू लागले आणि दादा तर चक्क हसला. मग जसा गेला तसाच आवाज परत आला, नेमका ट्रम्पेटांच्या भर लकेरीत, आणि क्षणापूर्वी हसणारा दादा खुर्चीच्या कडेवर येऊन बसला.

मध्यंतरात जिन्याखाली विडी ओढत उभ्या असलेल्या ऑपरेटरना दादाने विचारले, तर ते म्हणाले, “दिवा गेलता रे बाळ, मशीन चांगली हाय की.” फिल्मच्या कडेला ध्वनीची एक अरुंद पट्टी छापलेली असते, तिच्यावर एक्साइटर नावाच्या छोट्या दिव्याचा झोत पडतो, आरपार येणाऱ्या प्रकाशातील चढउतारांची वीज होते आणि त्या विजेचा पुढे आवाज होतो, तो दिवा उडाला की चित्र चालू राहते आणि आवाज तेवढा जातो. वाद्यवृंदाची सगळी ताकद एका बोटभर दिव्यावर अवलंबून असते, याचे मला त्या दिवशी फार नवल वाटले होते.

पण ही ताकद येते कुठून? केवळ मोठ्या आवाजातून नव्हे. मोठा आवाज आम्हाला शिवजयंतीच्या मिरवणुकीत हवा तेवढा मिळत होता. आपल्या संगीतात स्वरांची एकच वाट असते आणि साथीची वाद्ये तिच्याच आगेमागे चालतात. वाद्यवृंदात मात्र खालच्या तंतुवाद्यांत भीती, मध्ये हॉर्न या पितळी वाद्यात निर्धार आणि वर व्हायोलिनांत धावपळ हे सारे एकाच क्षणी ऐकू येते. धाडसी माणसाच्या मनातही त्या घडीला हे सारे एकदमच चाललेले असणार, आणि संवादांतून ते एकामागून एकच सांगता येते.

दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते, ते म्हणजे राखून ठेवणे. जॉन विल्यम्स यांनी 1981 च्या या चित्रपटासाठी केलेली प्रसिद्ध धून सुरुवातीच्या गुहेत ऐकू येत नाही. तिथे कुजबुजणारी तंतुवाद्ये असतात, आणि नायक निसटून विमानाकडे पळतो तेव्हा कुठे ती धून उसळते. मॅक्स स्टायनर यांनी 1933 च्या ‘किंग काँग’मध्ये नामावलीनंतर बराच वेळ संगीतच ठेवले नाही; जहाज धुक्यात शिरते तेव्हा ते हळूच सुरू होते. ‘जॉज’मध्ये तर शार्कचा खोटा पंख लावून पोरे लोकांना घाबरवतात तेव्हा खऱ्या शार्कची चाहूल देणारे ते दोन स्वर वाजतच नाहीत, म्हणजे संगीत प्रेक्षकाशी खोटे बोलत नाही. समेची वाट पाहायची सवय असलेल्या आपल्या कानांना हे कळायला जड जाऊ नये. अलीकडच्या आपल्या ऐतिहासिक चित्रपटांत मात्र नायक घोड्यावर बसायच्या आधीच ढोल, ताशे आणि समूहस्वर एकत्र कोसळतात आणि खरी लढाई येईपर्यंत कान बधिर झालेले असतात, ही माझी जुनी तक्रार आहे.

आम्हा बेळगावकरांना पितळी वाद्ये परकी नव्हती. मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र गावातच असल्यामुळे लष्करी बँड कानावर पडे आणि लग्नसराईत वरातीचा बँड तर दारावरूनच जाई. त्यामुळे विल्यम्स यांच्या धुनेत ट्रम्पेट वाजवणाऱ्या मॉरिस मर्फीविषयी पुढे वाचले तेव्हा मला विशेष आनंद झाला. हा वादक यॉर्कशायरमधील एका कापडगिरणीच्या नावाने चालणाऱ्या ब्रास बँडमध्ये घडला होता. 1977 मध्ये तो लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रात आला आणि तिथले त्याचे पहिलेच काम ‘स्टार वॉर्स’चे होते. बेळगावातल्या शहापूर-वडगावच्या विणकरांच्या मागांची खडखड ऐकत वाढलेल्या मला तो एकदम जवळचा वाटला.

‘ई.टी.’च्या शेवटच्या पाठलागाची हकिकतही मला अशीच उशिरा कळली. संगीत चित्राच्या काट्यावर बसवताना विल्यम्स यांना मनासारखे वाजवून घेता येईना. तेव्हा दिग्दर्शक स्टीव्हन स्पिलबर्ग यांनी पडद्यावरचे चित्र बंद करायला लावले आणि मैफलीत वाजवाल तसे वाजवा, चित्राची कापाकापी मी नंतर तुमच्या संगीताप्रमाणे करीन, असे सांगितले. आणि 1982 च्या त्या चित्रपटात त्यांनी तसेच केले.

मी दादाला फोनवर हे सांगितले. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, “म्हणजे आपल्याकडं आवाजाचा दिवा गेलता, आणि त्यांनी चित्राचा मुद्दाम घालवला.”