सक्युलंटची पुष्परचना : आमची वाटचाल

आमच्या व्यवसायाची सुरुवात २०१४ साली पुण्यात, घराच्या गच्चीवर बांधलेल्या शेडनेटखाली झाली. त्या काळी गुलटेकडीच्या मार्केट यार्डात जरबेरा, कार्नेशन हवे तितके मिळत, मात्र बुकेसाठी एचेव्हेरिया (सक्युलंट म्हणजे जाड पानांत पाणी साठवणाऱ्या झाडांपैकी एक) मागितला तर व्यापारी नर्सरीचा रस्ता दाखवीत. फुलासारखा दिसणारा तो पानांचा गुच्छ कापून रचनेत बसवायचा आणि कार्य आटोपल्यावर तोच कुंडीत लावून वाढवायचा, हे काम आमच्या ओळखीच्या सजावटकारांपैकी कोणीही करत नव्हते. आज ते अनेक जण करतात. आम्ही ते फार आधी आणि नीट केले, हे येथे अभिमानाने नोंदवते.

या कामातले खरे कसब तारेत आहे आणि ते आमच्याकडे मावशींमुळे आले. मावशी माझ्या पहिल्या भागीदार. पूर्वी त्या मंडईत वेण्या आणि हार करीत. केळीच्या सोपटाचा दोरा कितपत ओढला म्हणजे फूल आवळले जाते आणि देठ मात्र शाबूत राहतो, हे त्यांच्या बोटांना पाठ होते. गुच्छ कापताना खाली अर्धा इंच बूड ठेवायचे, सावलीत तीन-चार दिवस जखम सुकू द्यायची, मग २० गेजची तार बुडातून आडवी पार करून दोन्ही टोके खाली दुमडायची आणि त्यांवर हिरवी टेप ताणून गुंडाळायची. सेडम या लहान सक्युलंटला २४ गेजची, म्हणजे अधिक बारीक, तार पुरते. कात्री आम्ही द्राक्षमणी विरळणीची वापरतो, कारण तिची निमुळती पाती दोन पानांच्या मधून सहज आत जातात. मावशी गुच्छ नेहमी बुडाकडून धरीत. पानांवरचा पांढुरका मेणाचा थर एकदा पुसला गेला की त्या पानावर तो पुन्हा येत नाही आणि बोटाचा ठसा लग्नाच्या फोटोत कायमचा उमटतो.

पहिली काही वर्षे आमचा बराचसा माल एका मोठ्या मंडप-सजावटवाल्यांमार्फत जात असे. त्यांनी आमच्याकडून टेबलावरच्या रचना करून घेतल्या, शिकण्यासाठी म्हणून आपल्या हाताखालची मुले आमच्या गच्चीवर पाठवली आणि नमुने मागून नेले. मावशींनी त्या मुलांना हाताला धरून तार बांधायला शिकवले. पुढच्या हंगामात, म्हणजे २०१८ साली तुळशीचे लग्न झाल्यावर, आमच्याच रचना निम्म्या भावात त्यांच्या नावाने लग्नांत दिसू लागल्या. एवढ्यावर थांबते तरी मी सोसले असते. परंतु भाव पाडता यावा म्हणून त्यांनी जखम सुकवण्याचे दिवस गाळले, तार गाळली आणि ताजे कापलेले गुच्छ सरळ फुले खोचण्याच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या ओल्या हिरव्या फोममध्ये खोचले.

ही झाडे दिवसा पानांची रंध्रे मिटून ठेवतात आणि रात्रीच्या गारव्यात ती उघडून कार्बन डायऑक्साइड घेतात. त्यामुळे त्यांचे पाणी फार थोडे उडते, आणि कापलेला गुच्छ पानांतल्या साठ्यावर आठवडेच्या आठवडे टिकतो. उघडी जखम ओलीत राहिली की मात्र बूड काळे पडते, पाने पिवळट पारदर्शक होतात आणि हात लागताच गळतात. पाहुण्यांनी भेट म्हणून घरी नेलेल्या त्या रचना आठवडाभरात कुजल्या. तक्रारी आल्या तेव्हा त्या गृहस्थांनी माल आमच्याकडचा असल्याचे बेधडक सांगितले. आमची आधीच्या हंगामाची बाकी त्यांनी अडवून धरली, ठरलेल्या ऑर्डरी एकामागून एक रद्द झाल्या आणि कालिम्पाँगच्या नर्सरीतून मागवलेल्या रोपांचे पैसे चुकवण्यासाठी मला बांगड्या मोडाव्या लागल्या. मावशींनी त्या काळात आपला हिस्सा घेतला नाही. हे ऋण मी विसरणार नाही.

सदाशिव पेठेतल्या एका काकूंनी आम्हाला त्यातून वर काढले. त्यांच्या लेकीच्या डोहाळेजेवणाला फुलांच्या वाडीऐवजी त्यांनी आमच्याकडून सक्युलंटचे दागिने करून घेतले: कमरपट्ट्याला ग्रॅप्टोपेटलम या सक्युलंटचे लहान गुच्छ, बाजूबंदाला सेडम, मुकुटाच्या मध्यभागी जांभळट झाक असलेला एकच एचेव्हेरिया. ओझे होऊ नये म्हणून मावशींनी सगळे जाड कापडी पट्टीवर टाचले. नंतर काकूंनी ते सोडवून कुंड्यांत लावले आणि बारशाला आलेल्या प्रत्येकीच्या ओटीत मुळे धरलेले एकेक रोप घातले. त्या घरांतून आम्हाला आजही कामे येतात. टाळेबंदीचे वर्ष रोपे विकून निभावले, पुढची वर्षे सुरळीत गेली.

नव्याने या कामात येणाऱ्यांना माझे सांगणे आहे की पावसाळ्यात पुण्याच्या हवेत ही रोपे उघड्यावर ठेवू नका, छपराइतकाच पंखाही महत्त्वाचा माना. बंद काचेच्या बरणीत सक्युलंट लावून कोणालाही विकू नका. रंग फवारलेली रोपे घेऊ नका, कारण रंगाखाली पानाला उजेड मिळत नाही. थंडी आणि भरपूर ऊन मिळाले की एचेव्हेरियाच्या कडा आपोआप लालसर होतात. गिऱ्हाईक घाई करत असले तरी जखम सुकण्याचे दिवस कमी करू नका.

गेल्या हंगामात त्याच सजावटवाल्यांचा फोन आला होता. मोठे लग्न होते आणि त्यांना वधूचा बुके तारेवर बांधलेलाच हवा होता. मी आधी जुनी बाकी, मग पूर्ण भाव आणि निम्मी रक्कम आगाऊ, अशा अटी सांगितल्या. त्यांनी कळवतो म्हणून फोन ठेवला, अद्याप कळवलेले नाही.