मॅपिंगमधल्या ॲरेची लांबी: काजूच्या पावत्यांसाठी केलेलं काम

गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूचा हंगाम सुरू झाला की बागायतदार बिया घेऊन काट्यावर येतात, वजन होतं, पावती मिळते. या पावत्या स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, म्हणजे ब्लॉकचेनवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये, नोंदवण्याचा नमुना मी वाळपईत बसून सेपोलिया या इथेरियम ब्लॉकचेनच्या टेस्टनेटवर (चाचणीच्या नेटवर्कवर) तयार केला. प्रत्येक बागायतदाराच्या वॉलेट पत्त्यासमोर (ब्लॉकचेनवरची त्याची ओळख) मॅपिंगमध्ये, म्हणजे की देऊन मूल्य काढायच्या तक्त्यात, त्याच्या पावत्यांचा ॲरे (क्रमवार यादी), एवढीच रचना. इथे की म्हणजे तो पत्ता. काकांनी पाहिलं आणि विचारलं, "माझ्या एकूण पावत्या किती झाल्या रे?"

मॅपिंग 'पब्लिक' असलं की सॉलिडिटी, म्हणजे कॉन्ट्रॅक्ट लिहायची भाषा, वाचायचं फंक्शन आपणच बनवते. पण त्याला पत्त्याबरोबर अनुक्रमांकही द्यावा लागतो आणि हाती येते एकच पावती. संख्या त्यातून कळत नाही.

सोबत काम करणारा मित्र म्हणाला, पावत्या मोजायला वेगळा काउंटर ठेवूया. मला ते पटेना. डायनॅमिक (वाढू शकणाऱ्या) ॲरेची लांबी, म्हणजे त्यातल्या पावत्यांची संख्या, कॉन्ट्रॅक्टच्या स्टोरेजमध्ये आधीच असते. की आणि मॅपिंगचा स्लॉट (स्टोरेजमधल्या कप्प्याचा क्रमांक) जोडून केचॅक-२५६ या सूत्राने हॅश, म्हणजे ठरावीक लांबीचा आकडा, काढला की येणाऱ्या स्लॉटमध्ये लांबी. त्या स्लॉटचा पुन्हा हॅश काढला की तिथून पावत्या सुरू. नोडकडून (नेटवर्कमधल्या संगणकाकडून) लांबीचा स्लॉट थेट वाचून पाहिला, आकडा बरोबर होता. पुश केलं, म्हणजे शेवटी नवी पावती जोडली, की तो आपोआप वाढतो. मग काउंटरसाठी पहिल्यांदा २२,१०० आणि पुढे दर पावतीला ५,००० गॅस (व्यवहाराचं शुल्क मोजायचं एकक) जास्तीचा कशाला? एका ओळीचं व्ह्यू फंक्शन (फक्त वाचणारं, काही न बदलणारं) लिहिलं: पत्ता घ्यायचा, ॲरेची लेंग्थ परत द्यायची. बाहेरून वाचायला गॅस लागत नाही. पावती नसलेल्या माणसासाठी शून्य येतं, रिव्हर्ट होत नाही, म्हणजे चूक दाखवून काम थांबत नाही.

खरी काळजी होती रद्द पावत्यांची. डिलीट केल्यावर त्या जागी शून्य मूल्यं उरतात, लांबी तेवढीच राहते. सॉलिडिटी ०.६.० पासून लेंग्थ थेट बदलता येत नाही. कमी करायला पॉप, म्हणजे शेवटचा घटक काढून टाकणं, वापरावा लागतो. शेवटची पावती मधल्या जागी आणून पॉप केलं तर संख्या जुळते, पण क्रम मोडतो. पावतीपुस्तकाचा क्रम मोडणं मला मान्यच नाही. म्हणून पावतीवर 'रद्द' अशी खूण ठेवली. लांबी कधीच घटत नाही.

त्याचा पुढे उपयोग झाला. मॅपिंग कींची यादी ठेवत नाही, म्हणून बागायतदार मोजायला पत्त्यांचा वेगळा ॲरे हवाच. पुश करण्याआधी त्या माणसाची लांबी शून्य असेल तरच पत्ता यादीत चढतो, आणि ती पुन्हा शून्यावर येत नसल्याने कुणीही दोनदा मोजला जात नाही.