सात चर्चची संध्याकाळ

डब्लिनमध्ये ईस्टरच्या आधीच्या गुरुवारी सात चर्चना पायी जायची जुनी रीत आहे. संध्याकाळचा मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामूहिक उपासना, झाला की परमप्रसाद (ख्रिस्ताचं शरीर मानली जाणारी पवित्र भाकर) बाजूच्या सजवलेल्या वेदीवर नेऊन ठेवतात आणि लोक रात्री उशिरापर्यंत एकेका चर्चमध्ये जाऊन त्याच्यापुढे बसतात. आमच्या शेजारच्या आजी दरवर्षी जातात. मी ख्रिस्ती नाही, पण त्यांनी "चल" म्हटलं आणि निघाले. टाळ-मृदंग नाही, अभंग नाही. आधी जरा चुकल्याचुकल्यासारखं झालं.

सुरुवात जेम्स स्ट्रीटच्या चर्चवरून. इथल्या वेशीपासून मध्ययुगात स्पेनमधल्या सांतियागो या तीर्थक्षेत्राचे यात्रेकरू निघत, असं सांगतात. आता ती वेस जगाला गिनेस बिअरच्या कारखान्यामुळे माहीत आहे. पुढे थॉमस स्ट्रीट. कँटरबरीचा आर्चबिशप थॉमस बेकेट याला इंग्लंडचा राजा दुसरा हेन्री याच्या सरदारांनी मारलं आणि ११७७ मध्ये त्याच राजाच्या नावे, त्याच बेकेटच्या स्मरणार्थ इथे मठ उभा राहिला. आठव्या हेन्रीने मठ बंद केले. आज वर काही दिसत नाही, रस्त्याला नाव तेवढं आहे. जॉन्स लेनचं चर्च मात्र मला आपलंसं वाटलं. जेरुसलेमची यात्रा करून आलेल्या आइलरेड नावाच्या डब्लिनकराने बाराव्या शतकात या जागी रुग्णालय काढलं होतं.

सेंट ऑडोएन्सचं चर्च झालं, मग उतार उतरून नदीकाठी. तिथल्या फ्रान्सिस्कन चर्चचं कागदोपत्री नाव वेगळं, पण सगळे 'ॲडम अँड ईव्ह' म्हणतात. कॅथलिकांवर निर्बंध होते तेव्हा लोक त्या नावाच्या गुत्त्यातून आत शिरून चोरून मिस्सा ऐकत. दारू प्यायला चाललोय म्हणून देवाकडे जायचं, हे मला फारच आवडलं.

सगळ्यात जास्त वेळ मोडला तो व्हाइटफ्रायर स्ट्रीटला. कार्मेलाइट साधूंचा इथला मठ सोळाव्या शतकात गेला आणि १८२७ मध्ये ते त्याच जागेवर परत आले. आत मेरीची ओकच्या लाकडाची, काळपट मूर्ती आहे. ती नदीपलीकडच्या सेंट मेरी मठातली, असं मानतात. मठ गेल्यावर ती पालथी घालून, पाठीच्या पोकळीत डुकरांना खायला घालत, अशीही कथा आहे. मूर्ती वाचली ती कदाचित त्यामुळेच! पुढे इथल्याच कार्मेलाइट फादर स्प्रॅट यांना ती जुन्या सामानाच्या दुकानात मिळाली.

क्लॅरेंडन स्ट्रीटचं चर्च उरकून पूल ओलांडला. सेंट मेरी मठाचे दगड सतराव्या शतकात नदीवरच्या एका पुलाला लागले. उरलेली सभेची खोली आज रस्त्याच्या पातळीखाली आहे. १५३४ मध्ये सिल्कन थॉमस या आयरिश सरदाराने इंग्लंडच्या राजाची तलवार खाली टाकून बंड पुकारलं ते याच मठात.

सातवं सेंट मेरीज, २०२५ पर्यंतचं प्रो-कॅथेड्रल, म्हणजे कॅथेड्रलच्या (बिशपच्या मुख्य चर्चच्या) जागी तात्पुरतं वापरलेलं चर्च. शहरातली दोन्ही मध्ययुगीन कॅथेड्रलं प्रोटेस्टंटांकडे गेली, म्हणून १८२५ मध्ये कॅथलिकांनी हे तात्पुरतं म्हणून उघडलं. "तात्पुरतं म्हणून दोनशे वर्षं," आजी बूट सैल करत म्हणाल्या आणि बसची वेळ बघू लागल्या.