दिनविशेष वही: खान्देशची पानं कुठवर आली

मंडळी, दिवाळीनंतरची ही पहिली नोंद. ३६६ पानांपैकी १९४ पानांवर आता खान्देशची किमान एक नोंद शाईने लागली आहे. मागच्या वेळी हा आकडा १८८ होता. म्हणजे पानं सहाच वाढली, कारण तीन आठवडे एकट्या बहिणाबाईंच्या जन्मतारखेत गेले. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

नव्याने आलेल्यांसाठी पद्धत सांगतो. एका तारखेला एक पान. वरच्या अर्ध्यात देश आणि जग, खालच्या अर्ध्यात आपला तापी-गिरणेचा मुलूख. नोंद आधी पेन्सिलने करायची. दोन वेगळ्या ठिकाणी छापील आधार मिळाला, आणि जिथे शक्य आहे तिथे वार किंवा तिथी जुळली, की शाई. शाळेत असताना फळ्यावर दिनविशेष लिहायचं काम माझ्याकडे होतं. तेव्हा समोरच्या कागदावर जे असेल ते उतरवायचो. आता तसं होत नाही.

वार जुळवण्याचं महत्त्व मला २१ फेब्रुवारीच्या पानाने पटवलं. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती उतरवून घेतली. प्रवचनं दर रविवारी होत. पहिलं २१ फेब्रुवारीला, शेवटचं १९ जूनला. हिशोब करून पाहिला. दोन्ही रविवारच निघाले. मधले दिवस ११९, म्हणजे बरोबर १७ आठवडे, म्हणजे पहिला आणि शेवटचा धरून १८ रविवार. गीतेचे अध्याय १८. त्या रात्री मी शाईचं पेन उघडलं तेव्हा हात थरथरत होता, इतका आनंद झाला होता. २१ फेब्रुवारीला जग मातृभाषा दिन पाळतं, १९५२ साली ढाक्यात भाषेसाठी प्राण दिलेल्यांच्या आठवणीत. तो पानाच्या वरच्या अर्ध्यात, आणि खाली धुळ्याच्या तुरुंगात मराठीतून सांगितलेली गीता.

सगळ्यात भरलेलं पान मात्र २८ डिसेंबरचं. १८८५ मध्ये याच दिवशी मुंबईत काँग्रेसचं पहिलं अधिवेशन सुरू झालं. १९३६ मध्ये २७ आणि २८ डिसेंबरला आपल्या फैजपुरात काँग्रेस भरली, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन, आणि त्याची सजावट नंदलाल बोस यांनी केली होती. इथवर मला आधीपासून ठाऊक होतं. नवी भर पडली ती नंदुरबारच्या शिरीषकुमार मेहताची. त्याचा जन्म २८ डिसेंबर १९२६. म्हणजे फैजपूरच्या दुसऱ्या दिवशी तो बरोबर दहा वर्षांचा झाला. ९ सप्टेंबर १९४२ ला, छोडो भारतच्या ९ ऑगस्टनंतर बरोबर महिन्याने, नंदुरबारात मिरवणुकीवर गोळीबार झाला आणि तो गेला. सोबत लालदास, धनसुखलाल, शशिधर आणि घनश्यामदास. वय मोजलं तर सोळावा वाढदिवसही त्याला दिसला नाही. ही ओळ लिहून मी वही मिटली आणि त्या दिवशी पुढे काही केलं नाही.

त्याच आठवड्यात, ३१ डिसेंबर १९२६ ला, धुळ्यात इतिहासाचार्य राजवाडे वारले. पुढच्याच महिन्यात धुळ्यात त्यांच्या नावाने संशोधन मंडळ उभं राहिलं. राजवाड्यांचं पान अजून पेन्सिलीत आहे, कारण त्यांच्या जन्मतारखेचं पान आधी पुरं करायचं आहे.

आता तीन आठवडे खाणारी ती तारीख. बहिणाबाई चौधरींचा जन्म असोद्याचा, साल १८८०, दिवस नागपंचमीचा. बहुतेक ठिकाणी पुढे २४ ऑगस्ट लिहिलेलं असतं, क्वचित ११ ऑगस्ट. माझ्या वहीतही वर्षभर २४ ऑगस्टच होतं, तेही शाईने. पण तिथी तपासली नव्हती.

गणित सोपं आहे, घरी करता येतं. ११ जानेवारी १८८० ला खग्रास सूर्यग्रहण झालं, म्हणजे त्या दिवशी अमावास्या नक्की. चांद्रमास सरासरी साडेएकोणतीस दिवसांहून थोडा जास्त. सात महिन्यांचे सुमारे २०७ दिवस पुढे मोजले की आषाढ अमावास्या ५-६ ऑगस्टला येते. तिथून शुद्ध पंचमी १०-११ ऑगस्टला. पौर्णिमा २० ऑगस्टच्या आसपास. म्हणजे २४ ऑगस्टला वद्य पक्ष चालू होता. आपल्याकडे नागपंचमी श्रावण शुद्ध पंचमीची. तेव्हा नागपंचमी आणि २४ ऑगस्ट या दोन्ही गोष्टी एकत्र बसत नाहीत.

मग एक गोष्ट लक्षात आली आणि मी पुन्हा थांबलो. गुजरातेत नागपाचम श्रावण वद्य पंचमीला असते, आणि १८८० ची वद्य पंचमी २४-२५ ऑगस्टलाच येते! ही निव्वळ जुळणी असेल, कारण असोद्याला वारूळ पुजायचं ते शुद्ध पंचमीलाच. तरी ती समासात टिपून ठेवली आहे. शाईवर कोरी पट्टी चिकटवली आणि आता ११ व २४ ऑगस्ट या दोन्ही पानांवर पेन्सिलीने नोंद आहे. माझं मत ११ ऑगस्टच्या बाजूचं आहे. जुन्या माणसांनी सण विसरला असं सहसा होत नाही, तारीख मात्र नंतर कुणीतरी बसवलेली असते. आमच्या गल्लीतल्या आजींना त्यांच्या थोरल्याची जन्मतारीख विचारली होती. त्या म्हणाल्या, "तारीख कोन ध्यानात ठेवे? कानबाई बसाले दोन दिस व्हते." कानबाई म्हणजे आमच्या खान्देशातला श्रावणातला सण. एवढ्यावरून पंचांग काढलं आणि तारीख सापडली.

बहिणाबाईंच्या मृत्यूच्या तारखेला असा प्रश्न नाही: ३ डिसेंबर १९५१, जळगाव. हे पान वरूनही भरगच्च आहे. राजेंद्र प्रसाद (१८८४) आणि खुदीराम बोस (१८८९) यांचे जन्म, १९६७ मध्ये केप टाउनला माणसावरचं पहिलं हृदयारोपण, १९७१ चं भारत-पाक युद्ध सुरू झालं ती संध्याकाळ, मेजर ध्यानचंद यांचं निधन (१९७९). भोपाळची वायुगळती २ डिसेंबरच्या रात्रीची, पण मध्यरात्र उलटल्यावर शहरभर पसरली, म्हणून ती दोन्ही पानांवर घेतली आहे.

बालकवींची दोन्ही पानं शाईत आली. जन्म १३ ऑगस्ट १८९०, धरणगाव. त्याच तारखेला आठ वर्षांनी आचार्य अत्रे जन्मले, ज्यांनी पुढे बहिणाबाईंच्या कवितांना प्रस्तावना लिहिली. म्हणून तिथून बहिणाबाईंच्या पानाकडे बाण काढला आहे. मृत्यू ५ मे १९१८, भादली स्टेशनजवळ रेल्वेखाली, वय सत्तावीस. बरोबर शंभर वर्षांपूर्वी त्या तारखेला कार्ल मार्क्स जन्मला, ते वर एका ओळीत. भुसावळहून जळगावला कामाला जाताना माझी गाडी रोज भादली ओलांडते. न थांबणारी गाडी असली तरी मी खिडकीशी उभा राहतो.

पुढच्या खेपेला २९ फेब्रुवारी घेणार आहे. वर मोरारजी देसाई (१८९६) बसले आहेत, खालचा अर्धा कोरा आहे. आणि नंदुरबारकरांनो, हुतात्मा स्मारकावरच्या पाटीचा स्पष्ट फोटो कुणी काढून ठेवा. पाचही जणांची नावं पाटीवर जशी कोरली आहेत तशीच वहीत लिहायची आहेत.