रनिंग-इनचे दीड हजार किलोमीटर आणि पॅडल

नवी गाडी घरी आली त्या रात्री मॅन्युअलचं एकच पान मी नीट वाचलं, रनिंग-इनचं, म्हणजे नवं इंजिन सुरुवातीला जपून चालवून रुळवण्याचं. पहिले दीड हजार किलोमीटर अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबायचा नाही, इंजिन चार हजार आरपीएमच्या (मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या) वर न्यायचं नाही आणि एकाच वेगात तासन्‌तास चालवायची नाही. (प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे, आपापलं पान बघावं.) सिलिंडरच्या आतल्या बाजूला मुद्दाम बारीक तिरक्या रेघा ओढलेल्या असतात. पिस्टनच्या रिंगा सुरुवातीला त्यांच्यावर घासूनच नीट बसतात, आणि त्यासाठी इंजिनवरचा भार कमीजास्त होत राहावा लागतो. म्हणजे वेग आपोआप एकसारखा ठेवणारा क्रूझ कंट्रोलही बंद.

गिअर हाताने टाकायचे असते तर हे सोपं होतं. पण ही ऑटोमॅटिक, आणि इंधनाच्या बाबतीत स्वभावाने कंजूष. पन्नासच्या वेगातही वरचा गिअर टाकून बाराशे आरपीएमवर कण्हत चालायची. ओव्हरटेक करायला पाय जरा जोरात पडला, की एकदम दोन गिअर खाली उतरून काटा थेट साडेचार हजारांवर! दोन्ही नको होतं.

मग स्टिअरिंगमागच्या पॅडलकडे, म्हणजे बोटांनी गिअर बदलायच्या दोन पट्ट्यांकडे, लक्ष गेलं. तोवर मी त्यांना शोभेची वस्तूच समजत होते. उजवं ओढलं की गिअर वर, डावं ओढलं की खाली. ओव्हरटेकच्या आधीच डावं पॅडल एकदा ओढायचं, काटा अडीच हजारांवर येतो, मग अलगद पाय द्यायचा. किकडाउनची, म्हणजे पाय जोरात पडल्यावर गाडीने आपणहून गिअर खाली उतरवण्याची, वेळच येत नाही. थोडा वेळ पॅडलला हात लावला नाही की गाडी परत स्वतःच्या मनाने चालू लागते. आधी याचा राग यायचा, आता बरं वाटतं.

फजिती झाली ती घाटात. माझ्या गाडीत पॅडल स्टिअरिंगसोबत फिरतात. तीव्र वळणावर स्टिअरिंग अर्धा फेरा फिरलेलं, मी सवयीने डावीकडचं ओढलं, आणि ते निघालं उजवं. उतारावर गिअर वर गेला, गाडी सैल सुटल्यासारखी पळाली आणि ब्रेकवर पाय ठेवावा लागला. तेव्हापासून गिअर वळणाच्या आधी, चाकं सरळ असतानाच. एकदा जास्त वेगात दोन गिअर खाली मागितले, तर गाडीने नुसतं ‘टुंग’ करून नकार दिला. आरपीएम मर्यादेबाहेर जाणार असेल तर ती ऐकतच नाही. तिच्यावरचा माझा विश्वास त्या दिवशी बसला.

उतारावर खालच्या गिअरमध्ये इंजिनच गाडी धरून ठेवतं, हा मोठा फायदा. ब्रेक पॅडही नवेच होते, त्यांना तापवायचं नव्हतं. नव्या टायरची पकड सुरुवातीला कमी असते, म्हणून पावसात पुढच्या गाडीपासून जरा जास्तच लांब राहिले.

दीड हजार पूर्ण झाल्यावर ऑइलची डिपस्टिक काढून पाहिली. पातळी किंचित उतरली होती, पण दोन खुणांच्या मधेच. मायलेज मात्र विचारू नका, त्या महिन्यात मी चौथ्या गिअरमध्येच मुक्काम केला होता.