पाला पचायला वेळ लागतो

दुपारी गच्चीवर कुरडया वाळल्यात का बघायला गेले तर पाण्याच्या टाकीवर वानर बसलेलं. काळं तोंड, शेपूट खाली सोडलेली, आणि कुरडयांकडे ढुंकूनही बघत नव्हतं, मला जरा अपमानच वाटला. सहकारनगरात राहतो आम्ही, तळजाईचं जंगल जवळ, मोर वगैरे ऐकू येतात, पण वानर म्हणजे विशेषच.

एकटंच होतं. असं एकटं फिरणारं वानर बहुतेक नर असतं. कळपात नवा दांडगा हुप्प्या आला की तो आधीच्याला पळवून लावतो, वयात आलेल्या पोरांनाही हाकलतो, मग ती पोरं टोळक्याने नाहीतर एकेकटी भटकत बसतात, पुण्यात कॉट बेसिसवर जागा शोधणाऱ्या पोरांसारखी. हे शोधत शोधत सहकारनगरपर्यंत आलं असावं. इथली भाडी त्याला कोणी सांगितली नसणार.

मी दारातच उभी राहिले. ते एकदा माझ्याकडे बघायचं आणि लगेच मान फिरवून मांडी खाजवायचं, मग बोटं निरखायचं. त्यांच्यात टक लावून बघणं म्हणजे भांडण उकरून काढणं, त्यामुळे मीपण कुरडया मोजल्यासारखं केलं.

लहानपणी महाबळेश्वरला गेलो होतो तिथली माकडं मात्र वेगळी, लाल तोंडाची, डोक्यावर मधोमध भांग पाडलेली. त्यातल्या एकाने भावाच्या हातातली चण्यांची पुडी ओढली आणि तिथेच बसून मुठी मुठी तोंडात कोंबली, चावणं नाहीच, दोन्ही गाल नुसते फुगत मानेपर्यंत आले. भाऊ रडतोय, बाबा हाड् हाड् करतायत. मग ते आरामात झाडावर जाऊन बसलं आणि हाताच्या मागच्या बाजूने गाल दाबून आतले चणे परत तोंडात आणून चावायला लागलं. भाऊ रडायचा थांबला. घरी आल्यावर कितीतरी दिवस तो आमटीभात गालात भरून बाहेरून हाताने ढकलायचा, आजीचा धपाटा बसेपर्यंत. अजूनही लग्नाच्या पंगतीत मूडमध्ये आला की करतो, वहिनी बाजूला सरकून बसते.

वानराला ती गालातली पिशवी नसते. त्याचं पोटच खणाखणांचं, पाला आत आंबवून पचवणारं, म्हणून ते खाऊन झालं की तासन् तास नुसतं बसून राहतं. आपण त्याला ध्यानस्थ वगैरे म्हणतो. अहो पाला पचतोय तो.

तेवढ्यात खालच्या काकू वर आल्या. त्याने त्यांच्या जास्वंदीच्या कळ्या खाल्ल्या होत्या म्हणून जिन्यातून बडबडतच आल्या, पण टाकीवर बघितल्यावर एकदम हात जोडले आणि पदराआडून ग्लुकोजच्या बिस्किटांचा पुडा काढला. मी म्हटलं, काकू नका देऊ, असलं गोड पिठाचं त्याच्या पोटाला चालत नाही, शिवाय एकदा सवय लागली की मग घरात घुसतं, आणि घुसलं की हेच लोक फटाके लावून हाकलणार. काकू म्हणाल्या, "अगं, आज शनिवार आहे."

आता यावर काय बोलणार.