भुरका

लहानपणी आमच्या घरी जेवताना तोंडाचा आवाज करायला सक्त मनाई होती. या नियमातून सूट फक्त आजोबांना होती. ते सोलकढीची वाटी दोन्ही हातांनी उचलून असा भुरका मारीत की ओटीवर बसलेल्या माणसालाही जेवण कुठवर आले आहे ते समजावे. सासऱ्यांना बोलण्याची सोय नसल्यामुळे आई तेवढा वेळ आमच्याकडे डोळे वटारून पाहत असे. हे वळण अंगी बाणवून मी नोकरीसाठी तोक्योला आलो आणि पहिल्याच आठवड्यात कार्यालयातल्या एका सहकाऱ्याबरोबर कांदा नावाच्या स्थानकाजवळ, उभ्याने खाण्याच्या एका सोबाच्या दुकानात शिरलो.

अशा दुकानाच्या दाराशी एक यंत्र असते. त्यात पैसे सारून पदार्थाचे बटण दाबले की तिकीट बाहेर पडते, ते फळीवर ठेवले की पलीकडचा माणूस एवढेच विचारतो, “सोबा की उदोन?” सोबा म्हणजे कुट्टूच्या पिठाच्या बारीक, करड्या नूडल्स आणि उदोन म्हणजे गव्हाच्या पांढऱ्या, जाडजूड. वाडगे मिनिट-दोन मिनिटांत पुढ्यात येते, पाणी आपले आपण घ्यायचे, सात जिनसांची शिचिमी नावाची तिखट पूड हवी तेवढी भुरभुरायची, आणि खाऊन झाल्यावर वाडगे खिडकीत ठेवून “गोचिसोसामा”, म्हणजे जेवणाबद्दल आभार, म्हणत चालू पडायचे. बक्षिशी द्यायची पद्धत नाही. मी काकिआगे सोबा मागवला होता. काकिआगे म्हणजे कांदा, गाजर अशा भाज्या चिरून पिठात एकत्र तळलेली चकती. म्हणजे स्थानकाने अगदीच निराशा केली नाही. मात्र ही भजी रश्शात बुडवून देतात आणि कुरकुरीत भजी डोळ्यांदेखत भिजताना पाहणे मराठी माणसाला जड जाते. (तिची रस प्यालेली कडच सर्वांत चवदार असते, हे पुढे पटले.)

त्या दिवशी फळीपाशी आठ-दहा माणसे उभी होती, बहुतेक गडद सुटातली. कोणीही कोणाशी बोलत नव्हते आणि सगळे मिळून भुरके मारीत होते. मी मात्र चार-चार तंतू काड्यांवर गुंडाळून, ओठ मिटून, निःशब्द चावत होतो. शेजाऱ्याचे वाडगे रिकामे झाले तेव्हा माझ्या नूडल्स फुगून मऊ पडल्या होत्या. सहकाऱ्याने नंतर फार संकोचाने समजावले की सोबा हवेसकट ओढायचा असतो: तोंड भाजत नाही, रस तंतूंबरोबर वर येतो आणि कुट्टूचा मंद वास घशाकडून नाकात चढतो. तो वास चावून मिळत नाही. त्याचे हे म्हणणे पटायला क्षणभर लागला. घशाला ते पटायला दोन महिने लागले.

हा आवाज तिथे कलेच्या दर्जाला पोचला आहे. राकुगो या कथनप्रकारात कथेकरी गादीवर बसून, मिटलेल्या पंख्याच्या काड्या करून, नसलेला सोबा असा ओढतो की श्रोत्यांना भूक लागावी. त्यातली एक जुनी गोष्ट गिऱ्हाइकाचीच आहे. एक लबाड मध्यरात्री फेरीवाल्याकडे सोबा खातो, वाडग्यापासून रसापर्यंत सगळ्याची तोंडभर स्तुती करतो आणि १६ नाणी मोजून देताना आठावर थांबून विचारतो, “किती वाजले?” जुन्या गणनेत मध्यरात्रीला नऊ म्हणत. विक्रेता “नऊ” म्हणतो, हा “दहा” म्हणून पुढे मोजतो आणि एक नाणे वाचवतो. हे पाहणारा एक भोळा दुसऱ्या रात्री तीच युक्ती करायला जातो, पण जरा लवकर. त्या गणनेत नऊच्या आधी चार येत, त्यामुळे तेव्हा वाजलेले असतात चार, आणि बिचारा पुन्हा पाचापासून मोजत चार नाणी जास्त देऊन येतो.

आता यंत्रामुळे तशी लबाडी शक्य नाही, पण यंत्राचेही नखरे असतात. जुलै २०२४ मध्ये जपानमध्ये नव्या नोटा आल्या आणि अनेक लहान दुकानांतली जुनी यंत्रे त्या ओळखेनात. माझी करकरीत हजार येनची नोट यंत्राने तीनदा बाहेर टाकली आणि मागे रांग खोळंबली. मागच्या गृहस्थांनी काही न बोलता आपली जुनी नोट पुढे केली, माझी नवी घेतली, किंचित मान लववली. आणि पाच मिनिटांनी ते माझ्या शेजारी उभे राहून भुरके मारीत होते. आभार मानायला मला फटच मिळाली नाही.

गेल्या वर्षी आई आली, तेव्हा तिला बसून खाण्याच्या जुन्या दुकानात नेले. तिथे थंड सोबा ज्यात बुडवून खातात त्या रसाचा वास घेऊन ती म्हणाली, “ह्याला सुकटीचा वास आहे रे.” कोकणातल्या नाकाला हे कोणी सांगावे लागत नाही, बोनिटो मासा उकडून, धुरावून, लाकडासारखा टणक होईपर्यंत वाळवतात आणि रंध्यावर तासून त्याचा रस काढतात. थंड सोबा तिने माझ्याच जुन्या पद्धतीने, गुपचूप चावून संपवला. मग वाढणाऱ्या बाईंनी चोचीचे लाल, चौकोनी भांडे आणून ठेवले. “हे हात धुवायला का?” मी सांगितले की हे सोबा उकडलेले गरम पाणी, उरलेल्या रसात घालून प्यायचे.

“म्हणजे कट!” तिचा चेहरा उजळला. “पुरणाच्या डाळीचा आपण आमटीला ठेवतो, तोच की.”

तिने पाणी ओतले, वाटी दोन्ही हातांनी उचलली आणि असा भुरका मारला की शेजारच्या टेबलावरच्या कोणीही मान वर केली नाही. मग वाटी खाली ठेवत म्हणाली, “मीठ जरा पुढे आहे.”